रुतलं डावीकडे, पडलं उजवीकडे : खाजनातल्या फवारणी ड्रोनचं एक प्रकरण

हे प्रकरण प्रशिक्षणवर्गात चर्चेला घेता यावं म्हणून बांधलेलं आहे. त्यातली माणसं, गट आणि तो दिवस कल्पित आहेत. जमीन, यंत्राची चाल आणि नियम मात्र खरे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठाला जी खाजनं (भरतीचं पाणी अडवायला बांध घातलेली सखल शेतं) आहेत, त्यांपैकी कुठलंही डोळ्यांसमोर आणलं तरी चालेल.

सप्टेंबरचा शेवट. चवथ होऊन गेलेली, पावसाने चार दिवस उघडीप दिलेली. सोरद (पावसाळी) हंगामातलं भात पोटरीत आलेलं आणि त्यावर निळे भुंगेरे, पानांवर खरवडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. पाठीवरचा पंप घेऊन गुडघाभर चिखलात उतरायला गावात माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी भाताला परवडत नाही. म्हणून टेनंट असोसिएशनने, म्हणजे खाजन कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेने, शेजारच्या गावातल्या महिला बचत गटाचा ड्रोन बोलावला. गटाला तो 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून मिळालेला. देशभरातल्या १५,००० गटांसाठीची ही योजना. यंत्राच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. त्यासोबत १५ दिवसांचं प्रशिक्षण: पाच दिवस उडवण्याचं, दहा दिवस शेतीतल्या वापराचं.

यंत्र सहा पंख्यांचं, १० लिटर टाकीचं. खाली दोन बाजूंना आडव्या नळीचे दोन पाय. बॅटरीसकट वजन १५ किलोंच्या आसपास, टाकी भरली की २५. २५ किलोंपर्यंतचा ड्रोन नियमांत 'लघु' वर्गात बसतो, म्हणून १० लिटर टाकीवाले बनवणारे ही मर्यादा ओलांडू देत नाहीत.

सकाळी कागदपत्रांचं काम चोख झालं होतं, हे आधी सांगायला हवं. पेडण्यात मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाल्यापासून नकाशा पाहिल्याशिवाय इथं ड्रोन उचलता येत नाही. २०२१च्या ड्रोन नियमांनी हिरवं, पिवळं, लाल असं आकाश वाटलेलं आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवं. फवारणी पिकाच्या दोन-तीन मीटर वरून होते, तेव्हा अडचण नव्हती, तरी ड्रोन उडवणाऱ्या गटातल्या वहिनींनी नकाशा उघडून पाहिला, त्याचा फोटो काढून ठेवला. पायलटचं प्रमाणपत्र, विमा, कीटकनाशकाची चिठ्ठी, वाऱ्याचा वेग, जवळच्या विहिरी, मधमाश्यांच्या पेट्या कुठे आहेत का, हे सगळं तपासयादीत होतं आणि सगळ्यावर टिकमार्क होती. उडायची जागा कशी असावी, याबद्दल यादीत एकच ओळ: 'मोकळी व सपाट'.

मोकळी व सपाट जागा होती. आतल्या बांधाच्या कोपऱ्यावर, मानशीपासून (बांधातल्या, नदीचं पाणी अडवणाऱ्या दारांपासून) पन्नासेक पावलांवर, गवताचा हिरवागार तुकडा. डांबरी रस्ता तिथून तीनशे मीटर मागे. बॅटऱ्या, चार्जर, पाण्याचे कॅन, औषधाची बादली हे सगळं डोक्यावर आणायचं, तर ड्रोन शेताजवळ असलेला बरा. "वहिनी, इथं ठेवा. म्हशी चरतात इथं, जमीन घट्ट आहे," असं असोसिएशनच्या एका भाऊंनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. म्हशी खरंच चरत होत्या.

घट्ट कुणासाठी, हा यातला पहिला प्रश्न. जन्मभर लावणी केलेल्या माणसाचा पाय दोन बोटं रुतला तर त्याच्या लेखी तो रुतलाच नाही. घोट्यापर्यंत गेला की मग तो चिखल म्हणतो. खाजनाची माती म्हणजे भरती-ओहोटीने आणून टाकलेला चिकट, खारट गाळ. उघडीप मिळाली की वरचा थर सुकतो, गवत उभं राहतं, आणि वीतभर खाली पाणी तसंच असतं. म्हशींच्या खुरांचे ठसे गवताखाली लपलेले होते आणि त्यांत पाणी होतं. नंतर काढलेल्या फोटोंत ते दिसतं. सकाळी कुणी गवत बाजूला करून पाहिलं नाही, कारण पाहायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडा हिशोब. ड्रोनच्या दोन नळ्या, प्रत्येकी अर्धा मीटर लांब, मातीवर दीड सेंटिमीटर रुंद टेकणाऱ्या. क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. २५ किलो त्यावर म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाव किलोहून कमी. एका पायावर उभ्या राहिलेल्या ६० किलोंच्या माणसाचा भार यापेक्षा जास्त भरतो. मग ज्या जागेवरून माणसं दिवसभर ये-जा करत होती, तिथं ड्रोन रुतला कसा? उत्तर वेळेत आहे. माणूस पाऊल टेकतो आणि उचलतो. ड्रोन टाकी भरायला, बॅटरी बदलायला पाच-सात मिनिटं त्याच दोन रेघांवर उभा राहतो, आणि तोही जड असताना. उतरताना तो हलका असतो, पण भरताना सगळं वजन परत त्याच खाचेत. भरताना सांडलेलं पाणीही तिथंच मुरतं. चार फेऱ्या बिनबोभाट झाल्या, आणि प्रत्येक फेरीने पाचवीसाठी जागा थोडी थोडी नरम केली. त्यात डावा पाय पाण्याच्या बाजूला होता, उजवा बांधाच्या माथ्याकडे.

पाचव्या फेरीला शेवटचा लहान कोपरा उरला होता, म्हणून टाकीत ८ लिटरच घातले. एकूण वजन २३ किलो. मदतनीस मुलगी टाकीचं झाकण लावून चार पावलं मागे सरकली. चार पावलं फारच कमी, पण त्याकडे पुढे येऊ. वहिनींनी पंखे सुरू केले आणि रिमोटची स्टिक हळूहळू वर घेतली. उजवा पाय गवतातून सुटला. डावा सुटला नाही. ड्रोन डावीकडे कलला, क्षणभर तसाच घरघरत राहिला, मग एकदम उसळून उजवीकडे उलटा झाला. तीन पाती तुटली, दोन दांडे वाकले, झाकण उघडलं आणि औषध बांधावर सांडलं. मुलीच्या पोटरीवर शिंतोडे उडाले. तुटलेल्या पात्याचा एक तुकडा तिच्या मागच्या मेरेत सापडला.

बांधावर जमलेल्या लोकांचं लगेच दोन मतांवर विभाजन झालं. एक मत: वहिनींनी स्टिक उलटी मारली. दुसरं: यंत्रच बाद आहे. दोन्ही मतांना आधार एकच होता, तो म्हणजे रुतलं डावीकडे आणि पडलं उजवीकडे. रुतलेल्या बाजूला पडलं असतं तर कुणाला काही विचारावंसं वाटलं नसतं.

लॉग काय सांगतो

ड्रोनच्या आतल्या नोंदी बाहेर काढल्यावर चित्र बरंच स्पष्ट होतं. पहिल्या तीन सेकंदांत ताकद वाढत वजनाच्या नव्वद टक्क्यांवर गेली. हा क्षण समजून घेतला की बाकी प्रकरण सोपं होतं. २३ किलोंच्या यंत्राला पंखे २१ किलोंनी वर ओढत असतील, तर जमिनीवर टेकलेला भार उरतो फक्त २ किलोंचा. म्हणजे यंत्राला पायांवर उभं धरून ठेवणारं वजनच जवळपास नाहीसं झालेलं असतं. आधी दोन माणसांनी ढकलूनही जे हललं नसतं, ते आता एका बोटाने कलंडू शकतं. आणि यंत्र अजून हवेतही नसतं, की कलल्यावर मोकळेपणी सरकून स्वतःला सावरेल.

नेमक्या याच अवस्थेत उजवा पाय उचलला गेला आणि डावा मातीने धरून ठेवला. लावणीच्या चिखलातून पाय उपसताना खालून जी ओढ लागते, तीच ही. नळीखाली हवा शिरत नाही, तोवर चिखल सोडत नाही. लॉगमध्ये डावीकडचा कल वाढत ११ अंशांपर्यंत जातो. ड्रोनच्या मेंदूला कल दिसतो, पाय अडकला आहे हे दिसत नाही. तो आपलं काम करतो: डावीकडच्या पंख्यांची ताकद वाढवतो, उजवीकडची कमी करतो. तरी कल जात नाही, म्हणून आणखी वाढवतो. या नियंत्रकात एक भाग असा असतो, की जुनी न सुटलेली चूक तो बेरजेत धरत जातो आणि त्या प्रमाणात दुरुस्ती वाढवतो. हवेत वाऱ्याशी झगडताना हा भाग फार उपयोगी. यंत्र जमिनीवर असताना ही बेरीज रोखून धरण्याची सोयही नियंत्रकांत असते. पण ताकद वाढली, एक बाजू उचलली गेली की यंत्राची समजूत होते आपण उडालो, आणि बेरीज सुरू होते. इथं ती दोनेक सेकंद चालली.

त्याच दोन सेकंदांत वहिनींनी कल पाहून स्टिक उजवीकडे दिली. त्यांना शिकवलंच तसं होतं, आणि हवेत ते बरोबर असतं. म्हणजे उजवीकडे वळवणाऱ्या तीन गोष्टी एकावर एक चढल्या: यंत्राची ताजी दुरुस्ती, साठलेली दुरुस्ती आणि पायलटचा हात. मग चिखलाने पाय सोडला. पुढचं सगळं एका सेकंदाच्या आत. डावी बाजू उसळली, उजवा पाय जमिनीला आपटला आणि आता तोच बिजागरी झाला. टाकीत ८ लिटर होते. भरलेल्या टाकीत पाणी हलायला जागा नसते, दोन लिटरच्या रिकाम्या जागेने ते उजव्या भिंतीवर जाऊन आदळलं. यंत्र दहा फुटांवर असतं तर त्याने स्वतःला सावरलं असतं. सावरायला लागणारी उंचीच तिथं नव्हती.

तेव्हा 'स्टिक उलटी मारली' हे चूक, आणि 'यंत्र बाद' हेही चूक. यंत्राने आणि माणसाने दोघांनी आपापल्या परीने हवेतली योग्य गोष्ट केली, पण जमिनीवर.

मग करायला काय हवं होतं? हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांना ही गोष्ट फार आधीपासून शिकवली जाते, कारण त्यांचाही एक पाय मातीत, गवतात किंवा बर्फात अडकून यंत्र कलंडतं. तिथला धडा असा, की कल वाढतोय असं दिसलं की आडवी दुरुस्ती करत बसायचं नाही, वर ओढणारी ताकद हळूच काढून घ्यायची. ड्रोनमध्ये याचा अर्थ स्टिक खाली. यंत्र चार बोटं उंचीवरून परत आपल्या खाचेत बसेल, त्याचं काही बिघडत नाही. पण हे हातात यायला सराव लागतो, आणि पंधरा दिवसांचा सराव कुठल्याशा सिमेंटच्या चौथऱ्यावर झाला असेल, तर तो हाताला माहीतच नसतो. 'झटक्यात उचला म्हणजे अडकणार नाही' हा सल्ला काही जुने ऑपरेटर देतात. मला तो पटत नाही. चिकट माती जितक्या वेगाने ओढाल तितकी घट्ट धरते, आणि सुटताना जास्त उसळवते. हळू उचललं तर धोक्याच्या अवस्थेतला वेळ वाढतो, जोरात उचललं तर उसळी वाढते. हाताच्या युक्तीने हा प्रश्न सुटणारा नाही. तो जमिनीवर, टाकी भरण्याआधी सुटायचा.

माणूस बसतो त्या विमानांचं

गवताच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या फवारणी विमानांना मऊ जमीन वेगळ्या तऱ्हेने गाठते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं 'बसंत' हे खास शेतीसाठी बनवलेलं विमान १९७२मध्ये पहिल्यांदा उडालं. तेव्हापासून हा विषय आपल्याकडेही परका नाही. तिथं चाक रुतल्याने विमान कलंडण्याआधी त्याचा वेग वाढायचा थांबतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेले आकडे डोळे उघडणारे आहेत: ओलं गवत असेल तर उड्डाणाचं अंतर ३० टक्क्यांनी वाढवा, जमीन मऊ असेल तर त्यावर २५ टक्के किंवा अधिक, आणि आलेल्या उत्तराला सुरक्षेसाठी १.३३ने गुणा. कडक धावपट्टीवर ४०० मीटर लागणाऱ्या विमानाला ओल्या, मऊ गवतावर सुमारे ८६५ मीटर हवेत. दुपटीहून जास्त.

त्या वैमानिकांचा आणखी एक ठोकताळा आहे: निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबा. शिवाय फवारणी विमानात टाकी उडतानाच ओतून वजन टाकून देण्याचा दांडा हाताशी असतो. म्हणजे मऊ जमिनीसाठी त्यांच्याकडे आकडा आहे, थांबायची खूण आहे आणि शेवटचा उपायही आहे. आपल्या ड्रोनवाल्यांकडे 'मोकळी व सपाट' एवढंच.

सांडलेले आठ लिटर

यंत्राची दुरुस्ती काही हजारांची. मला या प्रकरणातला जास्त गंभीर भाग औषधाचा वाटतो, आणि नेमक्या त्याच भागाकडे बांधावर सगळ्यांत उशिरा लक्ष गेलं. हातपंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनने १०. औषधाची मात्रा मात्र एकराचीच. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण हातपंपातल्यापेक्षा पंधरा-वीस पट तीव्र. सांडलेले आठ लिटर म्हणजे जवळजवळ एका एकराचं औषध दोन-चार चौरस मीटरवर, आणि तेही मानशीपासून पन्नास पावलांवर.

मानशीची दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. त्या वेळी भरती चढत होती, दारं मिटलेली होती. हा निव्वळ योग. ओहोटी असती तर आतल्या चरांतलं पाणी बाहेर नदीकडे निघालं असतं, आणि मानशीवर मासेमारीचा लिलाव घेतलेल्या माणसाची सुंगटं-शेवटं (कोळंबी आणि मासे) त्या पाण्याच्या वाटेवर होती. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. फवारणी शेतात होणार, त्याचा माझ्याशी काय संबंध, असं त्यालाही वाटलं असावं.

मुलीने पाय ताबडतोब भरपूर पाण्याने आणि साबणाने धुतला, हे बरोबर झालं. पण दोघा उत्साही पोरांनी सांडलेल्या जागेवर कॅनमधलं पाणी ओतायला सुरुवात केली. औषध धुऊन निघेल, अशी समजूत. धुऊन ते कुठे जाणार? चरात. भाऊंनीच त्यांना ओरडून थांबवलं आणि बांधावरची कोरडी माती टाकायला लावली. मग वरचा थर खरवडून पोत्यात भरला. ड्रोनच्या पेटीत हातमोजे होते, फावडं नव्हतं; ते शेजारच्या घरून आलं.

अर्जावर काय लिहायचं

ड्रोन नियमांप्रमाणे अपघात ४८ तासांच्या आत 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरून कळवायचा असतो. गटातल्या बायकांनी त्याच रात्री अर्ज भरायला घेतला आणि 'कारण' या रकान्याशी अडल्या. विम्याच्या बाजूने आलेल्या माणसाचं म्हणणं, 'पायलटची चूक' लिहा, प्रकरण लवकर मिटेल. मिटलं असतंही. पण तेवढे दोन शब्द लिहिले की पुढच्या गटाला त्यातून काहीच मिळत नाही. ती वहिनी पुढच्या वेळी सांभाळून उडवेल, आणि दुसऱ्या गावातली दुसरी वहिनी तशाच गवतावर ड्रोन ठेवेल. शेवटी लिहिलं गेलं ते असं: 'उड्डाणाच्या जागी जमीन मऊ असल्याने डावा पाय अडकला, पाय सुटताना यंत्र उलटलं, ताकद कमी करण्याऐवजी आडवी दुरुस्ती दिली गेली.' यात पायलटचा वाटा लपवलेला नाही, पण तो तिसरा आहे.

जागेची जबाबदारी कुणाची, यावर वर्गात हमखास वाद होतो. जमीन ओळखतो शेतकरी, यंत्र ओळखते पायलट. शेतकऱ्याला पायलटची 'घट्ट' ठाऊक नाही आणि पायलटला खाजन. माझं मत असं, की शेवटचा शब्द पायलटचाच हवा, पण एका साध्या चाचणीनंतर: ज्या जागी नळ्या टेकणार, तिथं एका टाचेवर पूर्ण मिनिटभर उभं राहायचं. खड्डा पडला किंवा ठशात पाणी झिरपलं, तर जागा बाद. म्हशी काहीही म्हणोत.

फळीचा उपाय स्वस्त आहे. चार फूट बाय चार फूट प्लायवूड घातलं तर तोच भार शंभर पटींनी जास्त जागेवर पसरतो. मात्र ती चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून पक्की करायला हवी. पंख्यांचा खाली येणारा वारा मोकळी फळी उचलू शकतो. ताडपत्री तर मुळीच नको. ती खालचा चिखल झाकते, भार पसरवत नाही, आणि उडून पात्यांत गेली तर नवीन प्रकरण. फेरीगणिक फळी थोडी सरकवायची, म्हणजे खालची जमीन एकाच जागी बसत नाही. मदतनिसाने मागे किती राहायचं ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चार पावलं कुठल्याच पुस्तिकेत नसतील.

गटाने यापेक्षा सोपा मार्ग धरला. वायंगणाच्या (हिवाळी भाताच्या) हंगामात ते डांबरी रस्त्यावरूनच उडवू लागले. रस्ता कडक आहे, पाणी-बॅटऱ्या डोक्यावर न्याव्या लागत नाहीत, टाकी भरताना सांडलं तर दिसतं. पण प्रत्येक फेरीला तीनशे मीटर जाणं, तीनशे मीटर येणं बॅटरीतून वजा होतं, आणि भरल्या टाकीने बॅटरी टिकते दहा-पंधरा मिनिटं. दिवसाकाठी एकर कमी भरू लागले, म्हणून गटाने एकरी दर वाढवला. असोसिएशनला तो मान्य नाही. भाऊंचं म्हणणं, फळी घाला आणि बांधावर या, दर जुनाच ठेवा. वहिनी म्हणतात, फळी वाहायला माणूस तुम्ही द्या. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.